शेजारच्या घराचा विमा

दोन वर्षं मी शेजारच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी फ्लॅटचा विमा भरत होतो. मोबाइलवर अर्ज भरताना 'ए'ऐवजी 'बी' इमारत निवडली होती, एवढंच. आमच्या मजल्यावर एका घरात शॉर्टसर्किटने आग लागली, तेव्हा घाबरून बायकोने कागद वाचले आणि आपल्या घराला विमाच नाही हे कळलं.

"आता घर डोळ्यांनी बघून विमा काढणारा माणूस शोधा," ती म्हणाली.

वॉचमन म्हणाला, जवळच्या भुकूम गावातले एक विमा एजंट रोज सकाळी सोसायटीमागच्या टेकडीवर शेरडं चारतात. मी चढून गेलो. खाली धुक्यात आमच्या इमारती अर्ध्याअधिक विरघळल्या होत्या. शेरडांच्या गळ्यातल्या घंटा झोपेत ऐकल्यासारख्या वाजत होत्या. एजंटांच्या घोंगडीवर टेकलो आणि कशासाठी आलो तेच थोडा वेळ विसरलो.

"घर कंचं तुमचं?" विम्याचं सांगितल्यावर पिशवीतून फॉर्म काढत त्यांनी विचारलं.

धुक्यावर तरंगणाऱ्या एका बाल्कनीकडे मी बोट दाखवलं. इथून आपलं घर किती देखणं दिसतं, असं मनात येतंय तोच तिथे बनियनमधला एक गृहस्थ येऊन दात घासू लागला.

"ह्ये कोन?"

"माहीत नाही हो."

त्यांनी फॉर्म परत पिशवीत ठेवला.

"सायेब, माजी शेरडं बी सांजच्याला न चुकता आपल्याच गोठ्यात जात्यात. घरच्या कुना शान्या मानसाला धाडा."