वरुणराव पेटी मागतात

चंद्रमतीला कार्डं करायचं वेड होतं, दुसरा शब्द नाही. तंजावरच्या मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि रोज घरी आल्यावर पुन्हा कात्री आणि डिंक घेऊन बसली. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, विटलेल्या साडीचा जरीकाठ, वर कोलमाच्या, म्हणजे इथल्या रांगोळीच्या, ठिपक्यांची नक्षी. पोंगल असो, दिवाळी असो, कुणाचं बारसं असो, चंद्रमतीचं कार्ड जायचंच. कार्डावर दोन ओळी मराठीत, पण अक्षरं तमिळ. इथल्या आपल्या मराठी लोकांची हीच तऱ्हा, बोलायचं मराठी आणि लिहायचं तमिळ. तिच्या आजोबांना देवनागरी यायची, तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

कार्डं टपालात टाकायचं काम नवऱ्याचं. वरुणराव पोस्टातच नोकरीला होते आणि कुणाचं पत्र एक दिवस उशिरा पोचलं तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. असा माणूस एकदा मात्र एक कार्ड टपालात न टाकता परत घेऊन आला. ते धाकट्या भावाला, ओरत्तनाडू गावच्या वादिराजला जायचं होतं. आई शेवटी वादिराजकडे होती. ती गेल्याचा निरोप उशिरा आला आणि वरुणराव पोचले तेव्हा चिता विझत आली होती. मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस, एवढंच भावाला बोलले आणि त्यानंतर नऊ वर्षं अबोला. त्याच वर्षीच्या पोंगलला चंद्रमतीनं दिराला कार्ड केलं होतं. ते त्यांनी तिच्या पुढ्यात टाकलं, हे जायचं नाही म्हणाले. तिनंही वाद घातला नाही. मुकाट्यानं लोखंडी ट्रंकेत ठेवून दिलं, आणि पुढे विसरली.

मग हातोहाती फोन आले. लोक फोनवरच फुलांच्या गुच्छांची चित्रं धाडायला लागले, कार्ड कुणाला हवं? पण वेड ते वेड. ही आपली करतच राहिली आणि ट्रंक भरत राहिली. एवढ्या सगळ्यांचं करायचं काय, असं वरुणराव विचारायचे. लागतील कधीतरी, असं ती म्हणायची.

लागली. पण अशी लागतील असं त्या बिचारीच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या पुरट्टासी महिन्यात सकाळची कापी पिताना वरुणरावांच्या हातातून पेला सुटला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, यांना समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. चित्रांची कार्डं करा, बोट दाखवून सांगू देत. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, तेव्हा त्यांच्या मनातलं काय असेल ते समजून घ्या, हेही सांगितलं. शेवटचं वाक्य चंद्रमतीच्या काळजात रुतून बसलं.

घरी आणल्या दिवशीच तिनं ट्रंक पलंगावर पालथी केली. कार्डं पाठीमागून कोरी होतीच. कोऱ्या बाजूवर तिनं चित्रं काढली, खाली शब्द लिहिले: पाणी, कापी, भूक, दुखतंय, पंखा. मोठ्या पुठ्ठ्यावर ती कार्डं कोपऱ्यांना डिंक लावून चिकटवली आणि पुठ्ठा पलंगाशी टेकवून ठेवला. वरुणरावांचं डावं बोट कापीवर गेलं आणि चंद्रमतीला रडू फुटलं. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी उरलेल्या ढिगातून हात घालघालून एक कार्ड काढलं आणि खुणेनं पेन मागितलं. अर्धा तास खपून, डाव्या हातानं, कार्डाच्या पाठीवर त्यांनी वेडीवाकडी अक्षरं उमटवली. मग हात गळून पडला. चंद्रमतीनं लावून लावून वाचलं. पेटी.

तिला कोण आनंद झाला! नवऱ्यानं स्वतः शब्द लिहिला. तिनं कौतुकानं ते कार्डही पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलं आणि औषधांची पेटी आणली. वरुणरावांनी मान हलवली. दागिन्यांची आणली, घराच्या कागदपत्रांची आणली. नाही. शेजारच्या भारतीला हाताशी धरून माळ्यावरची हार्मोनियमची पेटी धूळ झटकून खाली काढली. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

असे अकरा दिवस गेले. रोज ते बोट त्याच कार्डावर आणि रोज ही घरभर पेट्या शोधतेय. कधी ते नखानं कार्डाचा कोपरा उचकटायला बघत. ती रागवायची, एवढा छान पुठ्ठा केलाय, खराब कशाला करता, आणि पुन्हा डिंक लावायची. एका दुपारी त्यांनी पुठ्ठ्यावर मूठ आपटली आणि लहान मुलासारखे रडले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हे असेच निघून गेले आणि मला कळलंच नाही तर?

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी भुकेच्या कार्डावर बोट ठेवलं. भूक लागली का, असं विचारत ती उठली आणि उठता उठता थबकली. तिनं त्या शब्दाचं पहिलं अक्षर पाहिलं. मग शेजारच्या, पेटीच्या कार्डाचं पाहिलं. दोन्ही एकच. तमिळात प, फ, ब, भ या चौघांना मिळून अक्षर एकच. कुठला उच्चार, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबर वाचता येतं. दुसऱ्याचं वाचताना कोण एवढा विचार करतो?

तिनं तो शब्द पुन्हा वाचला, या खेपेला भ घेऊन. भेटी. तेवढ्यावर अर्थ लागेना, म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं नख कार्डाच्या कोपऱ्याशी गेलं होतं. आता मात्र तिला कळलं. तिनं बोट ओलं करून हळूहळू डिंक सोडवला आणि कार्ड उलटं केलं. पुढच्या बाजूला पोंगलचं मडकं, हळदीचा कोंब, आणि खाली तिच्याच हातची ओळ. वादिराज भाऊजी, भेटीला या. त्यांनी तिच्या ओळीतला एक शब्द उतरवून काढला होता, तोही अर्ध्यावर हात थकला. आणि तिनं तीच ओळ पालथी घालून चिकटवून टाकली होती.

"माझंच चुकलं हो," ती म्हणाली. वरुणरावांनी सुटल्यासारखा मोठा श्वास घेतला.

तिनं दिराला फोन लावला. तुमच्या अण्णांनी बोलावलंय, एवढंच बोलली. पलीकडून वादिराजनं विचारलं, अण्णा बोलले? नाही, लिहिलं, ती म्हणाली.

दुपारच्या बसनं तो आला. डोक्यावरचे केस सगळे पांढरे झालेले. पलंगाशी उभा राहिला, पण पुढे व्हायचं धाडस होईना. चंद्रमतीनं कार्ड त्याच्या हातात दिलं, पाठीची बाजू वर. त्यानं ती वेडीवाकडी अक्षरं पाहिली आणि क्षणाचाही विलंब न लावता वाचलं, भेटी. तिला अकरा दिवस लागले होते. तिनं पदर तोंडाशी धरला.

वरुणरावांनी डाव्या हातानं कार्ड उलटं करायची खूण केली. वादिराजनं पुढची ओळ वाचली, तळाशी घातलेलं साल वाचलं, आणि वैनीकडे पाहिलं.

"नऊ वर्षांपूर्वीचं आहे. मग टाकलं का नाही?"

चंद्रमतीच्या जिभेवर खोटं तयार होतं. पत्ता सापडला नाही म्हणावं, तिकीट नव्हतं म्हणावं, नवऱ्याला आता या अवस्थेत काय उघडं पाडायचं? पण तिनं तोंड उघडायच्या आत वरुणरावांनी डावा तळहात आपल्या छातीवर आपटला. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी.

तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा वादिराजनं तो वरच्या वर धरला आणि भावाच्या उशाशी बसला.

"पोचलं, अण्णा," तो म्हणाला, आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.