झोपलेली मुलं गैरहजर

आमच्या पाळणाघरवाल्या मावशींना धड काही येत नाही, असं त्यांचे यजमानच चारचौघांत सांगायचे. हिशेब येत नाही, भांडता तर त्याहून येत नाही. पण मूल झोपवावं तर मावशींनीच. माझ्या मुलीला थोपटलेलं खपत नाही, तिच्या कानाची पाळी चोळावी लागते, हे मला, तिच्या सख्ख्या आईला, मावशींनी सांगितलं! जेवणं उरकली की त्यांच्या दोन खोल्यांत अशी सामसूम व्हायची की खालचा सायकलवालाही हातोडी जपून मारायचा. घराला आग लागली तरच झोपलेलं मूल उठवायचं, हा मावशींचा कायदा. एखादी आई लवकर आली, तर तिला पायरीवर बसवून ठेवायच्या.

मग वरून नवा नियम आला. कुठल्यातरी लबाडांनी नसलेली मुलं दाखवून पाळणाघरांचं सरकारी अनुदान खाल्लं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आता रोज दुपारी एक ते दोनच्या मध्येच प्रत्येक मुलाच्या चेहऱ्याचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. मावशींनी निमूटपणे पाठवले. पायांचा आवाज न करता, एकेकाच्या उशाशी वाकून काढलेले, झोपलेल्या मुलांचे. इतके गोड फोटो त्या कचेरीत कधी गेले नसतील. महिनाअखेरीला अनुदान आलं शून्य. मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा मोबाइलला ओळखता येत नाही. त्याच्या लेखी पाळणाघरात एकही मूल नव्हतं.

आम्ही आया देतो त्या फीमध्ये जागेचं भाडंही सुटत नाही. पुढचा महिना असाच गेला तर पाळणाघराची मान्यता रद्द, असं कळलं आणि आम्हा सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. मी रजा टाकून मावशींबरोबर कचेरीत गेले. त्यांना भांडता येत नाही, मला तेवढंच येतं.

"बाई, मुलं हजर दिसत नाहीत," कारकून म्हणाला.

"अहो, झोपलीत ती," मावशी म्हणाल्या.

"मग उठवा."

"लहान लेकरं आहेत, साहेब. सकाळी घ्या ना फोटो, नाहीतर संध्याकाळी."

"वेळ वरून ठरते."

"वर कोण बसतं?" मी विचारलं.

त्याने खरंच वर पाहिलं. वर पंखा होता, तोही बंद. मला हसू आलं आणि त्यामागून रडू. "ताई, माझंही पोरगं असंच एका पाळणाघरात ठेवलेलं असतं," तो हळूच म्हणाला. आता याच्याशी काय भांडायचं!

दुसऱ्या दिवशी मावशींनी भर दुपारी टाळ्या वाजवल्या. मुलं दचकून उठली आणि एका सुरात रडायला लागली. रडून वेडेवाकडे झालेले चेहरेही मोबाइलने नाकारले. त्यानंतर मावशींनी झोपवणंच बंद केलं. फोटो होईपर्यंत त्या डबे बडवतात, गाणी म्हणतात, पेंगणाऱ्यांच्या तोंडावरून ओला फडका फिरवतात. सर्वांत धाकट्याला आम्ही गठुळं म्हणतो. त्याची आई इस्पितळात फरशा पुसते. ते सगळ्यांच्या आधी पेंगतं, म्हणून फडकाही त्यालाच जास्त. "एवढा एक फोटो, राजा," असं म्हणत मावशी त्याला उभं धरून हलवत राहतात.

आम्ही आया चकार शब्द काढत नाही. काढून मुलं ठेवणार कुठे? अनुदान वेळेवर येतंय. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणायचीही सोय नाही, कारण औषध लागू पडलंय.

काल मुलीला आणायला गेले, तर गठुळं जमिनीवर बसून डोळे चोळत रडत होतं. झोप अनावर झाली होती. मावशींनी त्याला घ्यायला हात पुढे केले. त्यांचे हात दिसताच ते जास्तच किंचाळलं, रांगत माझ्याकडे आलं आणि माझ्या पायाला घट्ट धरून बसलं. मावशी तशाच, हात पसरलेल्या.

"तुम्हीच घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नाही झोपत तो आता."