तीन सडांचं दूध

वेळणेश्वरजवळच्या त्या वाडीत दूध जमा करायचं काम वीस वर्षं प्रेमलाताईंकडे. त्यांच्या नाकाची ख्याती अशी, की किटलीचं झाकण उघडताच गाईनं काल काय खाल्लं ते सांगत. पाणी घातलेलं दूध सख्ख्या नणंदेचं असलं तरी परत! शब्दाला मान होता बाईंच्या.

अशा बाईपुढे डेअरीच्या निशिगंधानं बोटभर कागदाची पट्टी ठेवली. जनावराला दिलेलं औषध दुधात उतरलं असेल तर ही सांगते म्हणे. दोन लाल रेघा उमटल्या तर दूध चांगलं, एकच उमटली तर औषध आहे.

"माज्या नाकाला कळत नाय, ते ह्या चिटोऱ्याला कळणार?" प्रेमलाताई हसल्या.

पहिला नमुना स्वतःच्या घरचा, हा त्यांचा दंडक. त्यांच्या चंद्री गाईचं दूध पट्टीला लावलं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर रेघ एकच.

चंद्रीच्या कासेचं एक सड सुजलं होतं. कालच त्यात औषधाची नळी सोडली होती. त्या सडाचं दूध ओतून दिलं आणि बाकी तीन सडांचं आणलं. सगळी वाडी असंच करते.

"औषध रक्तातून चारी सडांत जातं, मावशी," निशिगंधा हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत थेंबसुद्धा द्यायचा नाही."

प्रेमलाताईंनी दूध पुन्हा हुंगलं. गोड, ताजं, कसलाही वास नाही. जे वीस वर्षांच्या नाकाला कळलं नाही, ते एवढ्याशा कागदानं ओळखलं! त्यांना त्या पट्टीला हात जोडावेसे वाटले, आणि भीतीही वाटली. असं दूध आजवर किती पोरांच्या पोटात गेलं असेल?

बाहेर रांग लागली होती. पट्टी दोघींनीच पाहिलेली. मुठीत चुरगळली असती, तर नाव शाबूत राहिलं असतं. सांगितलं, तर उद्या दुसऱ्याचं दूध परत करायला तोंड कुठलं?

त्या दारात आल्या आणि पट्टी उंच धरली.

"माजंच दूध आज बाद. काल गाईला औषध दिलंय."

मग रांगेतला म्हातारा भिवा पुढे झाला.

"माज्या म्हशीला परवा डॉक्टरान इंजेक्शन दिलान गो. सांगणार नव्हतो."

त्यानं किटली उचलली आणि घराची वाट धरली. त्याच्यामागून आणखी दोघं निघाले.