ठोकलेली नाही

नेटवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'जुन्या जमान्याची गाडी, एकच मालक, कुठेही ठोकलेली नाही.' किंमत जास्त वाटली, म्हणून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक खिशात टाकून बघायला गेलो. चांगल्या पत्र्याला तो चिकटतो. पत्रा चेपलेला असेल आणि वर पुट्टी भरून रंग मारला असेल, तर निसटतो.

बॉनेटवर चिकटला. मागच्या दारावरही चिकटला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या दारावर मात्र लावला तसा खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"ठोकलेली दिसते," मी मालकांना म्हणालो.

"अजिबात नाही. अपघात झालेलाच नाही."

"खरंय," पायरीवर उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ह्यांनी पहारीने फोडली. मी आत बसले होते, काचा वर करून."

मालक हसले. "राग आला होता हो. पण रंग बघा, कळतंय का कुठे?"

कळत नव्हतं. उन्हात ते दार बाकीच्या दारांहून जास्तच चकाकत होतं. आपण पत्रा तपासतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. पण घाव पडत होते तेव्हा आत कोण बसलं होतं, हे किमतीत कसं धरायचं? चुंबकाभोवती माझी मूठ आवळली गेली. तो मालकांच्या तोंडावर हाणावासा वाटला, आणि मग त्या मुठीचीच भीती वाटली. पहारही अशाच मुठीत धरली असणार.

"मग काय द्याल?" मालकांनी विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं.

"फुकट न्या," त्या म्हणाल्या. "पण आज न्या."