फ्रिजचा पॉइंट

आमच्या घरात लाईटवाला कधी आला नाही. येऊ दिला नाही म्हणा. आमच्या मांजरी गावात घरोघरी बोर्ड जळतात, बटणं तुटतात, माणसं नासिरला फोन करतात आणि तो येऊन करून जातो. नासिर आमच्या समोरच राहतो. गुणी पोरगा, हाताला सफाई आहे. पण आमच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं ते फक्त चहा प्यायला. घरातली वायर न् वायर आमच्या ह्यांनी ओढलेली. दत्तोबा म्हणजे माझे मालक. पूर्वी मी नाव घेत नव्हते. आता घ्यावं लागतं; दवाखान्यात केसपेपर काढताना ‘आमचे हे’ असं कोणी लिहून घेत नाही.

ह्यांचे भाऊ उसात राहिले आणि हे महापालिकेच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर म्हणून लागले. माझं माहेर शुक्रवार पेठेतलं. लग्न होऊन मी मांजरीला आले तेव्हा घरात एकच बल्ब होता, तोही बाहेरच्या खोलीत, पुरुष माणसं बसायची तिथे. चुलीपाशी चिमणी. मी कोणाकडे तक्रार केली नाही, नव्या नवरीने कसली करायची? तर पहिल्याच आठवड्यात हे कामावरून आले, सायकलला वायरचं वेटोळं अडकवलेलं, आणि कोणाशी एक अक्षर न बोलता चुलीवर बल्ब लावून मोकळे झाले. सासूबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, “आमी काय आंधळ्या होतो व्हय इतकी वर्षं?” हे पायरीवर जाऊन विडी ओढत बसले.

ह्या माणसाने मला जन्मात कधी गजरा आणला नाही. पॉइंट काढून दिले. जयसिंग झाला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत पॉइंट, मी शिवणाचं मशीन घेतलं तेव्हा खिडकीपाशी पॉइंट, माझे गुडघे धरले तेव्हा मला वाकायला लागू नये म्हणून सगळी बटणं हातभर वर, फ्रिजमागचं तेवढं खाली राहिलं. बायका साड्या मोजतात, मी भिंती बघते.

आणि सामान आणायचं ते बुधवार पेठेतूनच. हडपसरची दुकानं बंद पडलीत का, असं मी दर वेळी विचारायचे. हे पिशवी उचलायचे. दोन बस बदलून जायचे, दगडूशेठला रस्त्यावरूनच हात जोडायचे, आणि अख्खा दिवस घालवून दोन बटणं घेऊन संध्याकाळी परत. बटणं तरी अशी न्याहाळायचे की सोनाराने मान खाली घालावी.

दीड-दोन वर्षांपूर्वी बिनसायला लागलं. दूध आणायला जायचे आणि रिकामी किटली घेऊन परत यायचे. वारलेल्या भावाचं ताट वाढलंस का, असं विचारायचे. जयसिंगचं नाव ऐन बोलताना सापडायचं नाही, मग ‘आपला हा’ म्हणून वेळ मारून न्यायचे. जयसिंग कर्वेनगरला राहतो. त्याने डॉक्टर गाठून दिला. तपासण्या झाल्या, आणि ह्यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरने मला आत बोलावलं. हे आता वाढत जाणार, म्हणाला. मागे फिरणार नाही. गोळ्यांनी चाल थोडी मंद होईल, एवढंच. मी विचारलं, मला ओळखतील ना? तर म्हणाला, आज ओळखतात ना, मग आजचं बघा. मोठा शहाणा.

रिक्षात ह्यांनी विचारलं, “काय म्हनला?”

“बी-बारा कमी आहे,” मी म्हटलं. “गोळ्या दिल्यात ताकदीच्या.”

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. तेव्हापासून घरात माझं नाटक सुरू झालं. किटली रिकामी आली की मी म्हणायची, बरं झालं, आज दूध पुष्कळ आहे. भावाचं ताट विचारलं की म्हणायची, ते जेवून गेले. जयसिंगला अर्धं सांगायची, अर्धं गिळायची, कारण तो एकदा फोनवर म्हणालाच होता, “आई, बाबांना काही झालं ना, तर मी डिस्कस करत बसणार नाही. सरळ दोघांना इकडे शिफ्ट करणार.” त्याचंही बरोबर आहे. पण मला जागेचं दुःख नव्हतं. हा माणूस आयुष्यात कोणापुढे ‘मला येत नाही’ म्हणाला नव्हता. आपलं डोकं चाललंय हे त्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी खाटेला खिळला असता. मला ते बघायचं नव्हतं. त्याला कळू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी धरून बसले होते.

अशात एक दिवस स्वयंपाकघरात जळका वास यायला लागला. बघते तर फ्रिजचा प्लग काळा पडलेला, पॉइंटचं भोक वितळलेलं, शेजारचं बटणही गेलेलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, “नासिरला हाक मारते.”

हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला. “का? मी मेलोय?”

आता ह्याला काय म्हणायचं? नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण तर सांगायचंच नव्हतं. मी म्हटलं, “तुम्हीच करा. पण सामान आणायला मी पण येते. बस काय तुमच्या एकट्याच्या बापाची आहे?” हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

बुधवार पेठेत त्यांनी मला थक्क केलं. आमच्या गल्लीत चुकणारा माणूस, त्या गर्दीत माझ्या पुढे चालत, कोणाला न विचारता नेमक्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला. दुकानदाराने पुढे केलेले दोन थ्री-पिन बाजूला सारले, तिसरा घेतला, आतली पितळेची पट्टी नखाने दाबून बघितली. “ह्यो दे. आन बटन ह्याच्याच मापाचं.” दुकानदार म्हणाला, “काका, बऱ्याच दिवसांनी.” मला वाटलं, डॉक्टर चुकला. खरंच वाटलं. बसमध्ये मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले आणि मनात त्या डॉक्टरला चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामाला लागले. बाहेर पडवीत जाऊन मेन बंद केला. बाहेरच्या खोलीतला पंखा थांबला. फ्रिज पुढे ओढला, रबरी चपला घातल्या, बोर्डाचे स्क्रू काढले. टेस्टर लावून मला दाखवला, “बघ. लाईट न्हाई.” मग जळकं बटण आणि पॉइंट दोन्ही सोडवून काढले. भिंतीतून लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी उघड्या टोकांनी लोंबायला लागल्या. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते, पण माझा एक डोळा त्यांच्यावर. हात अजिबात थरथरत नव्हता.

“चष्मा आणतो,” म्हणाले आणि बाहेर गेले.

चष्मा सापडायला वेळ लागतोच, म्हणून मी पोळी उलटली. दुसरी लाटायला घेतली. आणि बाहेर पंख्याची कुरकुर ऐकू आली. आमचा पंखा सुरू होताना कुरकुरतो. मला आधी त्यात काही विशेष वाटलंच नाही, बघा. रोजचाच आवाज.

हे आत आले. चष्मा नव्हताच आणला. “समोर नासिरकडं लाईट हाय,” म्हणाले. “आपलाच मेन पडला होता. केला वर.” आणि म्हणता म्हणता खाली बसून लाल वायरीच्या उघड्या टोकाकडे हात नेला.

बोलायला वेळ नव्हता. माझ्या हातात लाटणं होतं. ते मी त्यांच्या मनगटावर मारलं, होता नव्हता तेवढा जोर लावून.

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही शब्दाने एकमेकांना पुष्कळ सोललं असेल, पण हात कोणी उगारला नव्हता. ते मागे भिंतीला टेकले, मनगट दुसऱ्या हातात धरलं, आणि माझ्याकडे असे बघायला लागले की तेवढ्यात वीज माझ्यातून गेली असती तरी बरं वाटलं असतं.

“मारलंस मला?”

“पाल होती,” मी म्हटलं. “बोर्डावर. तुमच्या हातावरच चढत होती.”

“कुठाय?”

“गेली फ्रिजमागे.”

ते वाकून पाल शोधायला लागले आणि मी पडवीत धावले. मेन पाडला. तिथेच खांबाला धरून उभी राहिले. त्यांनी केलं ते काही वेड्यासारखं नव्हतं हो. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत मांजरीतल्या लहान पोरालाही ही सवय लागली होती: लाईट गेली की आधी समोरच्या घरात बघायचं, त्यांच्याकडे असली तर आपला मेन पडलाय, जाऊन वर करायचा. तेवढं त्यांना पक्कं आठवत होतं. आपण स्वतःच तो बंद केलाय, आत वायरी उघड्या आहेत, हे तेवढ्यात पुसलं गेलं होतं. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. कोणाचा, ते मला अजून सांगता येत नाही. पडवीच्या दाराला मी आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

नासिरला हाक मारायची का? समोरच होता. पण ह्यांच्यादेखत तो त्या बोर्डापाशी बसला असता तर माझं सगळं नाटक उघडं पडलं असतं.

“तुमचं मनगट दुखतंय,” मी म्हटलं. “तुम्ही बॅटरी धरा आणि सांगा. मी लावते.”

“तुला जमंल?”

“न जमायला काय झालं? जन्म गेला तुमच्या मागे स्टूल धरून उभं राहण्यात.”

फ्रिजमागे अंधार होता. मी पदर खोचला, त्यांच्या रबरी चपला घातल्या, भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी मागून बॅटरीचा उजेड नेमका हवा तिथे पाडला. आणि सांगायला लागले तर एक शब्द चुकला नाही. “हिरवी वरच्या मोठ्या भोकाला. लाल आधी बटनाला, तिथनं छोटा तुकडा पॉइंटाला. काळी सरळ पॉइंटाला. टोक पीळ दे, दुमड, मग आत घाल. एक तार बाहेर राहता कामा न्हाई.” मी पीळ दिला, दुमडलं, घातलं, आवळलं. बोटं सोलवटली. मनात म्हटलं, हे सगळं ह्यांच्या हाडात आहे, ते कोण पुसणार?

मी पुढचे स्क्रू आवळत राहिले. उजेड हलला नाही.

मग म्हणाले, “ताई, हात चांगला बसलाय तुमचा.”

मला वाटलं चेष्टा करतायत.

“आता लाईटच्या कामाला बायका बी घेत्यात व्हय? चांगलं झालं. आमच्या येळंला न्हवतं असं.”

मी मान वळवून बघितलं. पाहुण्याकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत होते, अदबीने, थोडं अंग चोरून. मी परत भिंतीकडे तोंड केलं. दुसरं काय करणार होते?

“ताई, एक सांगू का?” आवाज खाली आला होता. “आमच्या मंडळी येतील आता. तुमाला चहा घ्याच म्हनंल ती. तिला म्हनू नका, हे काम तुमी केलं. मी केलं म्हना.”

“बरं,” मी म्हटलं.

“तसं मलाच येतं सगळं. पन मला हल्ली ऱ्हात न्हाई ध्यानात. मदीच पुसून जातं. आता बी काय तरी झालं हितं, मनगट दुखतंय, कशानं ते न्हाई कळत.” त्यांनी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. “तिला ह्यातलं काय ठावं न्हाई. तिला वाटतं ताकद कमी हाय. मी बी तसंच दाखवतो. ती लई घाबरट हाय वो, वरनं तोंडाळ दिसती पन आतनं घाबरट. तिला कळलं तर ती जेवायची न्हाई. तुमी कुठं बोलू नका.”

माझ्या हातात शेवटचा स्क्रू होता. तो भोकात बसेना. डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं.

“नाही बोलणार,” मी म्हटलं.

“शब्द द्या.”

“दिला.”

प्लेट बसवली, प्लग पुसून लावला. कुलूप काढून मेन वर केला, पंखा कुरकुरला, फ्रिज गुरगुरायला लागला. ते समोर उभे राहून त्या नव्या पॉइंटाकडे समाधानाने बघत होते. “या ताई,” म्हणाले, “मागच्या दारानं जावा. ती म्होरनं येईल.”

मी मागच्या दाराने गेले. हौदावर तोंड धुतलं, पदर सोडून नीट घेतला, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आले आणि विचारलं, “झालं का हो काम?”

“झालं की,” हे म्हणाले. “माझ्या घरात दुसरं कोन करनार?” आणि माझ्या खांद्यावरून हळूच मागच्या दाराकडे बघितलं, त्या बाई गेल्या ना ते.