हेस्टरच्या घराकडची वाट

व्हर्ना ग्रिंडल जन्मभर खोटं बोलली, पण ते फक्त रस्त्याच्या बाबतीत. त्यातही तिची एकटीची काय चूक? आमचं हार्लो कोव्ह गावच त्या बाबतीत अट्टल. उन्हाळा लागला की गाड्या येतात, काचा खाली होतात आणि गोड आवाजात प्रश्न येतो, "चित्रकार व्हिटलॉक यांचं घर कुठंय हो?" मी दुकान चालवते, टपालाची खिडकीही माझ्याच दुकानात. व्हिटलॉकांचं पत्र हातात धरून मी "कोण व्हिटलॉक?" म्हणून विचारलेलं आहे. आणि आमचा मासेमार मर्ल तर शेवंडांचे पिंजरे धक्क्यावर उतरवता उतरवता लोकांना सरळ गावच्या कचऱ्याच्या खाईकडे धाडायचा. वर म्हणायचा, "तिथं खरंखुरं निसर्गचित्र बघायला मिळतं."

हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. म्हातारे एमस व्हिटलॉक पुस्तकांतली चित्रं काढून देशभर गाजले, त्यांचा मुलगा लाईल त्याहून गाजला, पण मुळात ते या गावचेच. आपल्या माणसाकडे परक्याला बोट दाखवू नये, एवढंच.

व्हर्नाचं घर दुफाट्यावर. उजवी वाट समुद्राकाठच्या टोकावर, व्हिटलॉकांच्या घराकडे जाते, डावी जुन्या दगडखाणीकडे. त्यामुळे सगळ्यांत जास्त वेळा तिलाच विचारणा व्हायची. तिचं उत्तर ठरलेलं. हातातलं काम न थांबवता, मान वर न करता ती म्हणायची, "मला नाही बाई माहीत." साठ वर्षं. ते उत्तर तिच्या तोंडात असं बसलं होतं, जसं एखाद्याच्या तोंडात शिंकेनंतरचं देवाचं नाव.

तिचा नवरा बर्ट मोटारी दुरुस्त करायचा. तो जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. तीसेक कोंबड्या, एक चूल, आणि दर सोमवारी, गुरुवारी लाईलकडे पोचवायची अंडी. लाईल अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रं काढायचा. हे काम तसं नाजूक. आभाळ रंगवायला घेतलं की तो फोन करायचा, "व्हर्ना, फिकट बलक हवेत गं." मग ती आठवडाभर कोंबड्यांचा मका बंद करायची, कारण मक्यानं बलक पिवळाजर्द होतो. लाईलच्या चित्रांतली आभाळं जगभरच्या भिंतींवर टांगलेली आहेत. त्या आठवड्यांत उपाशी राहून माझ्याकडे खाऊ की गिळू बघणाऱ्या कोंबड्या मी पाहिलेल्या आहेत.

पण व्हर्नाला ठाऊक असलेली खरी गोष्ट वेगळीच होती. ती तिनं मला सांगितली लाईलच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या दुकानात, पावाच्या फळीपाशी उभी राहून.

"डॉट, लाईलला त्याच्या बापानं शिकवलं नाही."

"मग काय मर्लनं शिकवलं?"

"हेस्टरनं."

हेस्टर म्हणजे एमसची थोरली बहीण. भाऊ शहरात जाऊन नाव काढत होता, तेव्हा ही इथं सार्डिनच्या कारखान्यात मासे डब्यात भरत होती. कात्रीनं मुंडकी उडवता उडवता एका हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. गावाला ती आठवते ती तेवढ्यापुरतीच, "बोटं तुटलेली हेस्टर" म्हणून. दगडखाणीच्या वाटेवर एकटी राहायची. संध्याकाळी स्वैपाकघरात बसून लहान लहान फळ्यांवर बादल्या, दारं, वाळत टाकलेले हातमोजे रंगवायची. अंड्याच्या रंगात. कुठल्याशा ग्रंथालयातल्या पुस्तकातून तिनं ती रीत हातानं उतरवून आणली होती. फळीवर सही कधी केली नाही. "हे काय विकायचंय होय?" म्हणायची.

लाईल चौदा वर्षांचा होता. छातीचं दुखणं, म्हणून उन्हाळाभर गावात. बाप मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात चाचे आणि घोडे काढायचा, पोरानंही तेच काढावं म्हणून मागं लागायचा. पोराला घोडा जमत नसे, त्याला बादली जमायची. तो आत्याच्या स्वैपाकघरात जाऊन बसू लागला. आणि तिथं अंडी घेऊन जायची नऊ वर्षांची व्हर्ना.

"हेस्टरनं आम्हा दोघांकडून वचन घेतलं," व्हर्ना म्हणाली. "एमसला कळता कामा नये. तो म्हणायचा अंडं हे पुडिंगमध्ये घालायचं. आपल्या पोराला बहिणीनं शिकवलं हे कळलं असतं, तर त्याचं काळीज तुटलं असतं."

"एमसला जाऊन पन्नास वर्षं झाली की."

"तेच तर. एमस गेला, हेस्टर गेली. मी वाट बघत राहिले, लाईल आता सांगेल, मग सांगेल. प्रत्येक मुलाखतीत म्हणायचा, 'सगळं वडिलांकडून.' एकदा खोटं छापून आलं की माणसाला त्याच्यातच राहावं लागतं, डॉट. मरायच्या तीन आठवडे आधी अंडी द्यायला गेले. माझा हात धरला त्यानं. म्हणाला, 'कुणी विचारलं तर तू सांग. माझ्यानं नाही झालं.'"

पावाची लादी तिनं पिशवीत टाकली, परत काढली, परत टाकली.

"आता हे ठाऊक असलेली मी एकटी उरले. मी गेले की हेस्टर पुरती गेली."

"मला सांगितलंस ना आत्ता."

"तू टपालवाली. तुझं कोण ऐकतंय?"

पुढल्या वसंतात, बर्फ वितळून वाटांचा नुसता राडा झालेला असताना, फिल्मवाले आले. ज्युलिया रँडल नावाची तरतरीत बाई, दोन कॅमेरे आणि चिखलात रुतलेली एक व्हॅन. व्हिटलॉक घराण्यावर माहितीपट करायचा होता. घरच्या मंडळींनी परवानगी दिली होती, तरी सुद्धा मर्लनं तिला आधी कचऱ्याची खाई दाखवून आणलीच. ती हसत परत आली, तेव्हा मला जरा लाजच वाटली. मीच तिला म्हटलं, "दुफाट्यावरच्या व्हर्नाला विचार. तिनं त्याला साठ वर्षं अंडी दिलीत."

व्हर्नाला मी आदल्या दिवशी बजावून आले. तिनं निळा स्वेटर इस्त्री केला. केस धुतले. मला म्हणाली, "पाठ करून ठेवलंय. पहिलं वाक्य हेस्टरच्या नावानंच सुरू करणार."

मी तिथंच, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभी होते. व्हर्ना हातात खाद्याची बादली घेऊन उभी. कॅमेरा लागला. ज्युलियानं गोड आवाजात विचारलं, "मिसेस ग्रिंडल, लाईल व्हिटलॉक अंड्याच्या रंगात काम करायला कुठं शिकले, काही सांगता येईल?"

"मला नाही बाई माहीत."

मान वर नाही. हात कोंबड्यांना दाणे टाकत राहिलेले. मी डोळे वटारले, खोकले. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ज्युलिया बिचारी भली बाई. तिला वाटलं म्हातारीला संकोच झाला. ती म्हणाली, "काही हरकत नाही, कोंबड्या फार छान दिसताहेत," आणि कोंबड्यांचंच चित्रण करून निघून गेली.

व्हॅन वळणावर दिसेनाशी झाल्यावर व्हर्नानं बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली.

"बोलवून घेते परत," मी म्हटलं.

"नको."

"अगं बये, तोंडात आलेलं गिळलंस कशाला?"

"मी नाही गिळलं. तोंडच बोललं." तिनं बोटांनी ओठ दाबून धरले, जणू दुसऱ्याच कुणाचे होते. "लाज वाटते डॉट. आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

नंतर वर्षभर ती दुकानात येईना. अंडी दाराशी ठेवून जायची. लाईल नाही, त्यामुळे सोमवार-गुरुवार रिकामे. एकदा गेले तर ती टेबलाशी बसलेली, समोर वाडगा, आणि एकेक अंडं फोडून बलक वेगळा करत होती. पाच-सहा काचेच्या बरण्या भरल्या होत्या. "खाणार कोण एवढं?" मी विचारलं. "सवय," म्हणाली, आणि बरण्या मागच्या दारी डुकराच्या पाटीत ओतल्या. डुक्कर तिचं नव्हतं, शेजाऱ्याचं होतं.

फिल्म तयार झाली. शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये दाखवायची ठरली, मागोमाग नेहमीचं शनिवारचं जेवण, आमचं आपलं काकवीतलं घेवड्याचं कालवण आणि तपकिरी पाव. व्हर्नाला मी अक्षरशः ओढून गाडीत घातली.

फिल्म चांगली होती. खोटं कशाला बोलू. समुद्र दिसला, म्हातारे एमस दिसले, मर्ल दिसला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग जुनं चित्रण आलं, चाळीस वर्षांपूर्वीचं. लाईल खिडकीपाशी बसलाय. अंडं फोडतो. बलक या तळहातावरून त्या तळहातावर, ओला हात पुसत, कोरडा होईपर्यंत. मग बलकाची कातडी उचलतो, बरणीवर धरतो, सुई टोचतो आणि पिवळं खाली ओघळतं.

कातडी त्यानं धरली होती अंगठ्यात आणि करंगळीशेजारच्या बोटात. अंगठ्याजवळची दोन बोटं वर, ताठ, जणू नाहीतच.

मागून निवेदकाचा भारदस्त आवाज, "ही नाजूक पद्धत त्यांनी वडिलांकडून आत्मसात केली."

माझ्या मनगटात व्हर्नाची नखं रुतली. "बघितलंस? बघितलंस बोटं?"

बघितलं. लाईलची दहाही बोटं धड होती. धड बोटांचा माणूस असं कशाला धरेल? ज्यानं शिकवलं त्याला दोन बोटं नव्हती म्हणून. साऱ्या हॉलनं ते पडद्यावर पाहिलं आणि कुणाला काही दिसलं नाही.

दिवे लागले. ज्युलियानं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" व्हर्ना उठली. उभी राहिली. लोक वळून बघू लागले. मर्ल मागून ओरडला, "कोंबड्यांचा मेहनताना माग गं!" हशा झाला. ती तशीच वळली आणि मागं स्वैपाकघरात गेली. मी ज्युलियाचा दंड धरला आणि तिला घेऊन गेले.

व्हर्ना ओट्यापाशी होती. केक करायला आणलेल्या अंड्यांतलं एक तिनं उचललं. अंडं फोडलं. बलक हातावर खेळवला, या तळव्यावरून त्या तळव्यावर. मग उचलला. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. अंगठ्याजवळची दोन वर. केसातली पिन काढून टोचली.

ज्युलिया बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "हे तर... तुम्हाला लाईलनं शिकवलं?"

"त्याला नि मला एकीनंच शिकवलं," व्हर्ना म्हणाली. बलकाची रिकामी कातडी बोटांत तशीच लोंबत होती. "हेस्टर व्हिटलॉक. सार्डिनच्या कारखान्यात होती."

आणि मग तोंड मोकळं झालं. पाऊण तास. बाहेर कालवण गार झालं. ज्युलिया रडली सुद्धा. म्हणाली, फिल्म आता सगळीकडे गेली, तिच्यात बदल करता येणार नाही, पण बघते, लिहिते. तिनं लिहिलंही. तीन महिन्यांनी तिचं पत्र आलं, मीच शिक्का मारून दिलं. फार अदबीनं लिहिलं होतं, व्हिटलॉकांच्या घरच्या मंडळींचं म्हणणं वेगळं आहे; हेस्टरची एखादी फळी, चिठ्ठी, फोटो, काही मिळालं तर जरूर कळवा. हेस्टरच्या फळ्या कुठल्या? ती गेल्यावर कुणीतरी खुराड्याची भिंत बुजवायला वापरल्या आणि ते खुराडंही वादळात गेलं.

व्हर्नानं पत्र घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. "इतकी वर्षं निदान ते माझ्यापाशी होतं," एवढंच म्हणाली. "आता सांगूनही कुठं पोचलं नाही, आणि पोटातही राहिलं नाही."

मला वाटलं, ही आता अंथरूण धरणार.

यंदाच्या उन्हाळ्यात फिल्ममुळं गाड्या दुपटीनं आल्या. मी अंडी आणायला दुफाट्यावर गेले तर व्हर्ना रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेली. निळा स्वेटर. एक गाडी थांबली, काच खाली झाली. "लाईल व्हिटलॉक यांचं घर कुठंय हो?"

व्हर्नानं मान वर केली. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "डावीकडे," ती म्हणाली. "खाणीच्या वाटेनं जा. जांभळ्या फुलांच्या लायलॅकची झाडी दिसेल, तिथं थांबा."

गाडी धुरळा उडवत डावीकडे गेली. मी म्हटलं, "अगं, तिथं काय आहे? तळघराचा खड्डा नि चार दगड."

"हेस्टरच्या दाराची पायरी आहे. ती अजून जागेवर आहे."

"माणसं शिव्या देतील."

"देऊ देत. साठ वर्षं मी लोकांना चुकीच्या वाटेनं धाडलं, डॉट. आता नाही धाडत."

वीसेक मिनिटांनी गाडी परत आली. बाई उतरली, बुटांना गवत चिकटलेलं, हातात लायलॅकची एक डहाळी. चिडलेली होती. "तिथं घर नाहीच! नुसती पायरी आहे. कुणाचं होतं ते?"

आधीच्या अकरा गाड्यांपैकी एकही परत विचारायला आली नव्हती, हे मला मागाहून कळलं. व्हर्ना खुर्चीतून उठली. हात स्वेटरला पुसले.

"आत या," ती म्हणाली. "अंडं फोडून दाखवते."