लोक उठले, तरी आज आम्ही थांबलो नाही

मंडळी, आत्ताच चर्चमधून आले. चहा नंतर, आधी हे लिहिते.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापूरच्या गिरणीतल्या माणसांनी ऑरेटोरिओ गायला घेतला. म्हणजे बायबलची कथा, पण वेश नाही, अभिनय नाही, सगळं गाण्यातून. युरोपातली दोन-अडीचशे वर्षं जुनी रचना आम्ही पेटीवर घोकली.

चर्चमधल्या कार्यक्रमात त्यातलं विजयगान सुरू झालं आणि ऐकायला बसलेलं अख्खं चर्च उठून उभं राहिलं! तेवढ्यात पाळीचा भोंगा वाजला. माझ्या शेजारी गाणारी सुमन कुजबुजली, "अगं, निघाले की सगळे!" आम्ही गाणं मध्येच सोडलं.

गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. "ह्या गाण्याला उभं राहायची रीतच हाय की! इंग्लंडचा राजासुद्धा हे ऐकताना उठला होता म्हणे."

आज तिथंच पुन्हा गायलो. सुमनचे गुडघे गेलेत, म्हणून तिला खुर्ची दिली होती. विजयगान आलं, लोक उठले. माझा हात धरून सुमनही उठली. म्हणाली, "जायचं त्यांनी जावं, आपण न्हाय थांबायचं!"

शेवटच्या सुरापर्यंत गायलो. कुणीही गेलं नाही.

राजा का उठला असेल, ते मला आज गुडघे विसरून उठलेल्या सुमनकडं बघून कळलं. तुमचं कुठलं गाणं अर्धं राहिलंय?